तांब्यातले खूर

कूलिंग टॉवरच्या हौदात बुडबुडे उठत होते. विजयश्रीने गळती शोधायचं यंत्र पाण्यावर धरलं. ते किंचाळलं.

गॅस पाण्यात मिसळत होता. म्हणजे गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या फुटल्या होत्या. नळीच्या आत पाणी, बाहेर गरम गॅस. दोघांमध्ये तांब्याची पापुद्र्याएवढी भिंत.

तळवड्याच्या त्या शीतगृहात प्लांट चालवणारी ती एकटीच बाई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने एका रांगेतल्या सात नळ्या उपसल्या. पाणी शिरतं त्या टोकाला प्रत्येकीवर लाल रंगाचा ठिपका दिला.

तेवढ्यात मेंटेनन्स मॅनेजर नवनाथ आला आणि साऱ्या शिफ्टसमोर म्हणाला, "पाण्यात औषध टाकायचं काम हिचं. हिने टाकलंच नाही. पाण्याने नळ्या खाल्ल्या. चूक लिहून दे आणि राजीनामा ठेव."

"रोज टाकलंय. लिहून देत न्हाई."

"मग काढून टाकू. चाकणपर्यंत एकही कंपनी दारात उभी करणार नाही तुला."

त्याने नळ्या भंगाराच्या टेम्पोत चढवायला सांगितल्या. विजयश्री टेम्पोच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "आळ माझ्यावर हाय. नळ्या इथंच ऱ्हातील. घाला टेम्पो अंगावर!"

गलका ऐकून मालक दौलतराव खाली आले. "एक तास देतो, विजयश्रीबाई. काय दाखवायचं ते दाखवा."

तिने नळ्या उभ्या चिरल्या. आतलं तांबं लख्ख होतं, घासलेल्या भांड्यासारखं. त्यावर बारीक बारीक खड्डे, एकामागे एक. ती वाकली, आणि गालात हसली. तिच्या वडिलांची घोडी बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे धावायची. शर्यतीच्या घाटातल्या धुळीत घोडी कुठून कुठे गेली, हे खुरांच्या ठशांवरून विजयश्री शाळेत जायच्या आधीपासून वाचत आली होती.

तासाभराने ऑफिसात सात नळ्या टेबलावर होत्या, सगळे लाल ठिपके डावीकडे.

"साहेब, नळ्या कधी बदलल्या?" तिने विचारलं.

"दसऱ्याला," नवनाथ म्हणाला.

"नव्या कोऱ्या?"

"सीलबंद पेटीतून."

"पेटी कुणासमोर फोडली?"

"सुट्टी होती. मी आणि ठेकेदार."

"शेठ, हे बघा. औषधाविना पाण्याने खाल्लं असतं, तर आत सगळीकडे हिरवा थर असता. हिथं थर न्हाई, घासलंय. पाणी जोरात धावलं, संगं रेती असली, की तांब्यावर असे नालासारखे खड्डे पडतात. खुराचं टोक नेहमी पाणी येतं तिकडं. घोडी धारेविरुद्ध चालल्यागत."

दौलतरावांनी चष्मा वर सरकवला. "मग?"

"चार नळ्यांतली घोडी ठिपक्याकडं चाललीय. तिघींतली उलटी."

"पंपाची वायर कुणी उलटी जोडली असेल," नवनाथ घाईने म्हणाला.

"मग सातही उलट्या चालल्या असत्या, साहेब. एकाच रांगेत, एकाच पाण्यात, शेजारशेजारच्या नळ्यांत पाणी दोन दिशांनी कसं वाहील?"

"ठिपके तूच फिरवलेस!"

"व्हय? कंडेन्सरात अजून बसल्यात त्या नळ्यांना तर माझा हात लागला न्हाई." तिने मोबाइल पुढे केला. बारीक कॅमेरा नळ्यांत सारून घेतलेलं चित्रण होतं. एका नळीत खूर इकडे, शेजारच्या नळीत तिकडे.

दौलतरावांनी चित्रण पुन्हा लावलं. "म्हणजे या नळ्या…"

"दुसऱ्याच कुठल्या प्लांटात झिजल्या, शेठ. बाहेरून पॉलिश केल्या. आत कोण बघतंय? हिथं बसवताना कुठलं टोक कुठं, याचं भान ऱ्हायलं न्हाई. नव्या नळ्या बाहेर गेल्या. नेल्या कुणी, ते सुट्टीच्या दिवशी हजर व्हते त्यांनाच ठाव. म्हणून तर भंगाराची एवढी घाई!"

नवनाथचं तोंड उतरलं. "ठेकेदार म्हणाला, दोन वर्षं सहज निघतील…"

"आणि निघाली न्हाईत, तर आळ घालायला हाय की बाई."

दौलतरावांनी नवनाथकडून किल्ल्या घेतल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "विजयश्रीबाई, तुमची नोकरी शाबूत. पगारही वाढवतो. हे चार भिंतींत राहू द्या. गिऱ्हाइकांचा विश्वास असतो."

"माझा बी व्हता, शेठ."

तिने दार सताड उघडलं. बाहेर शिफ्ट चहाला थांबली होती.

"या रं, आत या समदी! मघाशी उभी व्हती ती बी बोलवा. नवनाथसाहेबांना काय तरी सांगायचंय."