शिराळ्याच्या मांडवातली हलगी

मांडवाच्या दारात लालासाहेब वकिलांच्या मागून काळ्या कोटातला कृष्णात आला, आणि हलगीवरचा गुंडाचा हात जागीच अवघडला... आपला पोरगा सांगलीत असतो, म्हणूनच तर गुंडानं हे शिराळ्याचं लग्न वाजवायला घेतलं होतं! पण नवरी निघाली लालासाहेबांची भाची, आणि कृष्णात याच वर्षी, त्र्याहत्तर साली, सनद मिळवून त्यांच्या हाताखाली लागलेला.

छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं शपथ घेतली होती, की यापुढं कुणाच्या दारात हलगी वाजवायची नाही. पहिला हात गुंडानंच वर केला होता. पुढं पोराचं कॉलेज आलं, मजुरी पुरेना. तेव्हा कामाला जातो असं घरी सांगून तो परक्या गावांत वाजवत राहिला. वाजवून झालं की स्वतःच्या हातांचीच त्याला किळस येई. आणि कृष्णात चारचौघांत अभिमानानं सांगे, आमच्या आबांनी हलगी सोडली म्हणून मी वकील झालो.

गुंडानं पटका भुवयांवर ओढला. कृष्णातनं पाहिलं, ओळखलं, आणि नजर वळवून तो आत गेला. बरं झालं, असं गुंडा मनाला समजावत राहिला, पण काळीज आतल्या आत चिरत गेलं...

वाजंत्र्यांची पंगत सर्वांत शेवटी, गोठ्याच्या कडेला बसली. तिथं कृष्णात आला आणि बापाशेजारी मातीत मांडी घालून बसला. मांडवातली माणसं माना उंचावून बघू लागली.

"ऊठ रं," गुंडा कुजबुजला. "तुजं सायेब बगत्यात. मी तुजा कुणी न्हाई."

"मगाशी मीबी तसंच वागलो, आबा."

"मी शपथ मोडली, पोरा. वस्तीत तोंड दावायची लायकी न्हाई माजी."

"माज्यापायी मोडली. वस्तीत उभा ऱ्हाऊन मीच सांगणार हाय."

"नगं बाबा, तुजी मान खाली जाईल."

"जाऊ द्या. तुमची एवढी वर्सं खालीच हाय की."

तेवढ्यात लालासाहेबांनी मोटारीजवळून हाक मारली. सांगलीला निघायचं होतं. आता काय होणार, पोराची जागा राहते की जाते, या भीतीनं गुंडा पत्रावळ सारून उठू लागला. कृष्णातनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"माझे वडील जेवतायत, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यांचं झालं की एस.टी.नं येतो."

मोटार निघून गेली. गुंडा पुन्हा उठायला बघत होता. पण पोरगा उठत नाही हे पाहून तो हळूहळू जेवू लागला.