येळवशीचा पाव्हणा

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. पण नंतर "पुरावा द्या" म्हणून मागे लागू नका. पुरावा माझ्या घरी नांदेडला जिन्याखाली झोपतो. त्याला चार पाय आहेत आणि त्याचा एक कान कायम खाली पडलेला असतो.

घडलं ते माझ्या सख्ख्या मामांसोबत. गुरुलिंगअप्पा त्यांचं नाव. गाव अहमदपूर तालुक्यात, शिरूर ताजबंदच्या रस्त्यावरून आत. गावाचं नाव सांगत नाही, कारण मामा अजून तिथंच राहतात.

दिवस दोन वर्षांपूर्वीच्या येळवशीचा. रात्र नव्हती... चांगली टळटळीत दुपार होती.

त्या आधीच्या श्रावणात मामी गेल्या. मामांची मुलगी सृष्टी हैदराबादला नोकरीला. तिनं "चला माझ्याकडं" म्हणून पुष्कळ विनवलं, पण मामा हलले नाहीत. मग महिन्याभरातच, गणपतीत, ती गावी आली, ती मांडीवर एक काळंकुळकुळीत पिल्लू घेऊनच.

"बाबा, याला कुणी न्हाई. तुम्हाला बी कुणी न्हाई," असं म्हणून तिनं ते मामांच्या हातात दिलं.

मामी निलंग्याकडच्या. घरात अर्धं कानडी बोलायच्या. म्हणून मामांनी पिल्लाचं नाव ठेवलं करिया, म्हणजे काळ्या. निदान हाक मारताना तरी घरात कानडी शब्द ऐकू येईल, असं ते मला फोनवर म्हणाले होते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

त्या पिल्लानं मामांना घराबाहेर काढलं हे मात्र खरं. सकाळी ओढ्यापर्यंत, संध्याकाळी शेतापर्यंत. रविवारी स्कूटीवर पुढं पाय ठेवायच्या जागेत करियाला बसवून अहमदपूरला. एकदा तर दोघं बालाघाटाच्या डोंगरात दिवसभर भटकून आले आणि करियाच्या पायात काटा रुतला म्हणून मामांनी त्याला येताना खांद्यावर आणलं. गावात लोक हसायचे. "अप्पा, म्हातारपणी लेकरू झालं की तुम्हाला!" मामाही हसायचे.

आणि करिया कसा? तर अगदी बावळट. दिसेल त्याच्या अंगावर उड्या. चोर आला असता तर त्याचे पाय चाटून त्यानंच त्याला कपाट दाखवलं असतं. पिल्लूच ते, सहा महिन्यांचं. भुंकायचं असतं हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

हे लक्षात ठेवा.

आता येळवस. लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आमची येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात. जो तो शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे असं रेटून जेवायचं. आणि त्या दिवशी एक रीत सगळे पाळतात. बांधावरून कुणीही जात असला, ओळखीचा असो-नसो, त्याला हाक मारायची. "या हो, जेवायला या!" आपल्या शेतावरून त्या दिवशी कुणी उपाशी जायला नको.

मामांचं शेत बालाजी नावाचा माणूस बटईनं, म्हणजे वाट्यानं करतो. त्याच्या घरी त्या वर्षी सुतक आलं. सृष्टीला रजा मिळाली नाही. मी ऑडिटमध्ये अडकलेलो. शेजारच्या साखराबाई म्हणाल्या, "अप्पा, आमच्या कोपीत या की. एकटं कशाला बसता?"

मामांनी ऐकलं नाही. मामींनी तीस-पस्तीस वर्षं मांडलेली कोप रिकामी कशी ठेवायची? म्हणाले, चांदपाशा यायचा हाय, मी एकटा थोडाच हाय?

चांदपाशा मामांचा जुना दोस्त. अहमदपुरात त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दर येळवशीला ठरलेला पाहुणा. मग साखराबाईंनीच भज्जी, आंबील सगळं बांधून दिलं. मामांनी पूजा केली, पिकात आंबील शिंपडली, आणि करियाला शेजारी घेऊन कोपीच्या तोंडाशी बसले.

एक वाजला. दोन वाजले. चांदपाशाचा पत्ता नाही. फोनला रेंज नाही.

चारी बाजूच्या शेतांत नुसता गलका. पोरं झोक्यावर ओरडताहेत, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर डीजे लागलाय. आणि मामांपुढं दोन ताटं, दोन्ही भरलेली. मामा मला म्हणाले होते, "हरिओम, ती गेली त्या दिवशी बी मला एवढं एकटं वाटलं न्हवतं बघ."

तेवढ्यात बांधावरच्या बाभळीखाली...

...कुणीतरी उभं होतं.

पांढरा मळका सदरा, उन्हासाठी डोक्यावरून घेतलेला टॉवेल. शिवारात असे शंभर दिसतात. मामांनी कपाळावर हात धरून बघितलं. ओळख लागेना. पण येळवशीच्या दिवशी ओळख कोण विचारतो?

मामांनी हाक मारली. "या हो पाव्हणं! जेवायला या!"

करिया शेपूट हलवत धावला. माणूस दिसला की धावायचंच, हा त्याचा धर्म. अर्ध्या वाटेपर्यंत गेला...

आणि थांबला.

शेपूट खाली गेलं. पोट जमिनीला घासत तो मागं आला आणि मामांच्या पाठीमागं जाऊन बसला. भुंकला नाही. गुरगुरला नाही. नुसता थरथरत होता.

"आरं, पाव्हणं हाय ते," मामा म्हणाले. बाभळीकडं परत बघितलं तर तिथं कुणी नव्हतं. पाहुणा कोपीत, ताटासमोर येऊन बसला होता.

मामांना वाटलं, आपण करियाकडं बघत होतो तेवढ्यात आला असेल.

"कुठल्या गावचं म्हणायचं पाव्हणं?"

त्यानं हात करून दाखवलं. तिकडं पाझर तलाव आहे. तलावापलीकडं नुसता माळ. वस्ती नाहीच. पण मामांना त्याचं काही वाटलं नाही, कारण समोर कुणीतरी बसलं होतं आणि ऐकत होतं. इतकंच त्यांना हवं होतं.

मामा बोलायला लागले. मामींच्या आजाराचं. सृष्टीचं. रात्री घरात घड्याळाचा किती आवाज होतो त्याचं. मला, सृष्टीला, कुणालाच जे सांगितलं नाही ते सगळं. पाहुणा मधूनमधून "हं" म्हणायचा. बाकी काही नाही.

कोपीत गारवा होता. शेतांतला गलका कधी थांबला, हे मामांच्या लक्षातही आलं नाही...

बऱ्याच वेळानं पाहुणा उठला.

आता आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. उठलेल्या पाहुण्याला "बसा की, काय घाई हाय?" म्हणायचं असतं. आणि पाहुण्यानं "न्हाई न्हाई, लई उशीर झाला" म्हणत चपला शोधायच्या असतात. दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून तर चालतं ते.

मामा म्हणाले, "बसा की. काय घाई हाय?"

पाहुणा बसला.

"न्हाई" म्हणाला नाही. उन्हाकडं बघितलं नाही. नुसता खाली बसला. मामांना उलट बरं वाटलं. ते आणखी बोलत राहिले. सावली लांब झाली. पाहुणा परत उठला.

आणि मामांनी, मनापासून, हात जोडून म्हटलं, "आता अवसंच्या राती कुठं जाता? घरी चला. मुक्काम करा. घर रिकामंच हाय."

मागं करिया रडल्यासारखं कण्हला. माणसाचं लेकरू कण्हतं तसं.

"हं," पाहुणा म्हणाला.

"क्या अप्पा! किससे बातां करते बैठे?"

मामा दचकले. बांधावर चांदपाशा मोटारसायकल लावत होता. टायर पंक्चर झालं, माफ करा म्हणत तो जवळ आला. मामांनी कोपीकडं बोट केलं. "हे पाव्हणं..."

कोपीत पाच दगड होते. ताट होतं. दुसरं काही नव्हतं.

"आत्ता होता. दोन घंटे झाले, बोलायलो त्याच्यासंगं."

चांदपाशानं ताटाकडं बघितलं. भज्जी, उंडे, आंबील, वर गुळाचा खडा. वाढलं तसंच होतं. दुपारपासून उघड्यावर गूळ... आणि ताटाला एक मुंगी नव्हती. मामांच्या ताटाला मुंग्यांची रांग लागली होती. करिया, जो चपलासुद्धा खायचा, तो त्या ताटाकडं नाक करीत नव्हता.

"लई शांत होतं आज," मामा पुटपुटले.

"शांत?" चांदपाशा म्हणाला. "अप्पा, डीजे वाजायलाय की सकाळपासून. रस्त्यापर्यंत ऐकू यायलाय."

तेव्हा कुठं मामांना तो ऐकू आला.

चांदपाशा म्हणाला, गाडीवर बसा, घरी सोडतो. मामा नको म्हणाले. कुत्र्याला घेऊन चालत येतो. चांदपाशा मला पुढं शपथेवर म्हणाला की त्यानं दोनदा मागं वळून बघितलं, आणि दोन्ही वेळा मामा काहीतरी बोलत चालले होते.

आता चालण्याचं ऐका. हे मामांनी स्वतः सांगितलंय.

करिया रोज मामांच्या पायाला चिकटून चालायचा, इतका की मामा त्याला अडखळायचे. त्या संध्याकाळी तो लांबून चालला. मामांनी बोलावलं, पट्टा ओढला, तरी जवळ येईना. मामा आणि करिया यांच्या मधे...

एका माणसाची जागा राहत होती.

वाट अरुंद झाली तेव्हा करिया काट्यांत उतरला, पण ती जागा त्यानं सोडली नाही. आणि मधूनच तो मान वर करून बघायचा. मामांकडं नाही. मधल्या जागेकडं.

घरी आल्यावर मामांनी कुलूप काढलं. दार उघडून "चल रे" म्हणाले. करिया उंबऱ्याच्या अलीकडं थांबला. त्याची नजर हळूहळू आत सरकली, आत जाणाऱ्या माणसाबरोबर सरकते तशी. दारातून ओसरी, ओसरीतून मधलं घर. मग तो मागं सरला, रस्त्याच्या पार पलीकडं गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं घरात पाय ठेवला नाही.

दूध बाहेर. भाकरी बाहेर. पौषातल्या थंडीत साखराबाईंच्या गोठ्यात झोपायचा. मामा हाक मारायचे तेव्हा शेपूट हलवायचा, दोन पावलं यायचा... मग मामांच्या खांद्याशेजारी बघायचा आणि थांबायचा.

साखराबाईंनी मला फोन केला. "बाबा, येऊन जा. अप्पा दोन कपात चहा ओतायलेत."

मी संक्रांतीला गेलो. करिया वेशीवरच भेटला. हाडं दिसत होती. मला बघून त्यानं जो गळा काढला, तो मी विसरू शकत नाही.

मामा मात्र छान होते. दाढी केलेली, स्वच्छ धोतर. घर झाडलेलं. मी भिंतीशेजारच्या खुर्चीवर बसायला गेलो तर म्हणाले, "तिथं नको, इकडं बस." इतक्या सहज म्हणाले की मी उठलो. ती खुर्ची बर्फासारखी गार होती.

मी म्हटलं, "मामा, बॅग भरा. माझ्यासंगं नांदेडला चला. करियाला बी घेऊ. तुमच्यापायी मरून जाईल ते लेकरू."

करियाचं नाव काढल्यावर मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खिडकीतून रस्त्यापलीकडं बघायला लागले.

"त्याला तू घेऊन जा," म्हणाले. "माझं न्हाई जमायचं. घरी पाव्हणा हाय."

 मी धीर करून म्हटलं, "मग त्याला जा म्हणा की."

"म्हणलो की," मामा हळू आवाजात म्हणाले. "लई भला हाय रे तो. जा म्हणलं की उठतो. दारापतूर जातो. मग घर असं खायला उठतं... मीच त्याला मागं बोलावतो."



अंधार पडायच्या आत मी निघालो. करिया गाडीत मागच्या सीटवर बसला आणि गाव दिसेनासं होईपर्यंत मागच्या काचेला नाक लावून रडत होता. मामा दारात उभे होते. हात हलवत होते. नंतर शेजारी बघून काहीतरी बोलले.

सृष्टीनं दोनदा येऊन बघितलं. मामींच्या माहेरचे जंगम आणले, पूजा घातली. मामांनी सगळ्यांना जेवू घातलं, पानसुपारी दिली, रस्त्यापर्यंत पोचवायला आले. घरात काही बदललं नाही.

परवा मामांचा फोन आला. येळवस जवळ आलीय. आवाज एकदम खुश. कुठंतरी लांबून "हं" असं ऐकू आलं... किंवा ती रेंजची खरखर असेल.

"हरिओम, औंदा तरी ये रे शेतात," मामा म्हणाले. "आम्ही दोघं वाट बघायलोत."

मी अजून हो म्हटलेलं नाही.