रफूदादाचे हात

लाँड्रीच्या मागच्या खोलीत काकू फाटक्या कपड्यांना रफू करायच्या आणि दोऱ्याच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर रफूदादा शिकवायचा. पडद्यावर वर त्याचा हसरा चेहरा, खाली जवळून दिसणारे हात. नवरा गेल्यापासून पाच वर्षं काकूंशी रोज बोलणारा तोच एक. ‘हात थरथरला तर थांबा. फाटलेलं कुठं पळून जात नाही,’ तो म्हणायचा. काकू त्याला उत्तरंही द्यायच्या.

मग बिंग फुटलं. दादाला साधं बटण लावता येत नव्हतं. हात भाड्याचे होते, कुणा बाईचे. ती कोण, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं म्हणून काकू हसल्या खऱ्या. पण सख्ख्या माणसानं फसवावं तसं त्यांना लागलं होतं. महिनाभर सुई धरली की बोटं थरथरायची.

अशात पुतणी कोट घेऊन आली. उद्या तिची मुलाखत आणि बाहीला करंगळी जाईल एवढं भोक.

“काकू, तुझ्याशिवाय कोण करणार?”

नाही म्हणणं काकूंच्या जिवावर आलं. ती गेल्यावर त्यांनी दादाचा जुना व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि त्याच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवली.

उरले ते हात. सावळे, बारीक कापलेल्या नखांचे. आपण जीव लावला तो यांनाच, हे काकूंना उमगलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

तिसऱ्या ओळीला बोटं थरथरली. काकू थांबल्या. पडद्यावरचे हातही थांबले.

नेट गेलं असेल म्हणून त्यांनी पाहिलं. खालचे सेकंद पुढे सरकत होते.

त्यांनी सुई उचलली, तिकडेही उचलली गेली. चुकून दोन धागे एकदम घेतले, तर तिकडचं बोट कापडावर नेमकं त्याच जागी टेकलं.

व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा होता. काकूंनी तारीख दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि काम पुढे चालू केलं. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते एवढंच, की शेजारी कुणीतरी बसलंय.

शेवटच्या टाक्याला सुई खोल बोटात गेली.

दुखलं नाही. रक्तही आलं नाही.

पडद्यावरच्या बोटावर लाल थेंब फुगला.

संध्याकाळी पुतणीनं बाही उजेडात धरली. भोक कुठं होतं तेच तिला सापडेना. काकू खुशीत होत्या. ती गेल्यावर त्यांनी पुढचा सदरा घेतला आणि शिवणाच्या पेटीतून बोटात घालायची पितळी टोपी शोधून काढली. तिची त्यांना कधीच सवय नव्हती. पण उगीच तिकडे त्या बाईला लागायला नको.