लय एक्क्याण्णव

आमच्या कामाला अक्कल लागते असं कुणालाच वाटत नाही. गाणं ऐकायचं आणि तीन रकाने भरायचे: लय, पट्टी, भाव. लय म्हणजे मिनिटाला किती ठोके. दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरायचं, जुळलं की गाणं पुढे जातं. एकवीस वर्षं हेच करतेय आणि माझा आकडा आजवर चुकलेला नाही.

पलीकडच्या खोलीत महिन्याभरापासून माझी भाची बसते. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. "बसून करायचं काम म्हणून तुझ्याकडे पाठवतोय," दादा म्हणाला होता. "तिचे ठोके नव्वदीच्या खाली येतच नाहीत. जप तिला, आणि उगाच ओरडू नकोस." जपते. न ओरडणं मात्र मला या जन्मी जमायचं नाही.

मंगळवारी जेवणाआधी एक जुनं सॉफ्ट रॉक आलं. गायकाचं नाव नाही, साल नाही. मऊ गिटार, मागे हलका ड्रम आणि पुरुषाचा गोड गळा. मला तो पहिल्या ओळीपासून आवडला नाही. आवाज गोड होता, पण मी तिथे बसलेलं त्याला खपत नव्हतं. एका कडव्यात लय कळतेच. मी हेडफोन काढून ठेवला. लय अडुसष्ट, पट्टी काळी दोन, भाव: वैर.

भाची तिचा कागद घेऊन आली. पट्टी काळी दोन. लय एक्क्याण्णव. भाव: प्रेमळ.

माझं डोकंच फिरलं. "एक्क्याण्णव? कान घरी ठेवून आलीस का?"

"आत्या, समोरच्या मशीनवर गाण्याचे ठोके तेवढेच दिसतायत. आणि तू हे वैर काय लिहिलंस? एवढं गोड गाणं! वैर कुणाशी?"

"ते लिहायला रकाना नाही. मनगटावर बोट ठेवून मोजलंस ना? नवशिके तेच करतात. गाणं राहतं बाजूला, स्वतःची नाडी मोजतात."

"हातसुद्धा लावला नाही गं. एक कडवं ऐकलं, तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं करायला एकवीस वर्षं लागतात. जा, शेवटपर्यंत ऐक. फेडआउट संपेपर्यंत हेडफोन काढायचा नाही."

तोंड वाकडं करून गेली. अशी गाणी थांबत नाहीत. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येते, लय तीच राहते, आवाज तेवढा विरत जातो.

तिची चूक तिच्या पदरात घालायची म्हणून मीही गाणं पुन्हा लावलं. माझ्या मशीनवर अडुसष्ट. मधल्या काचेतून तिचं मशीन दिसत होतं. तिथे एक्क्याण्णव. गाणं तेच, फाइल एकच. मशीन बिघडलं असणार, दुसरं काय!

मग दादाचं बोलणं आठवलं. नव्वदीच्या खाली येतच नाहीत.

मी दोन बोटं मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पूर्ण मिनिट.

अडुसष्ट.

भीतीने बोटांखालची नाडी पळू लागली. तशी कानातली लय वाढली. ऐंशी. पंच्याण्णव. तो गातच होता, गोड.

हेडफोन भिरकावून मी धावले. ती डोळे मिटून बसली होती. स्क्रीनवर आवाजाची रेघ जवळजवळ सपाट झालेली. अकरा सेकंद उरले होते.

मी तिच्या कानांवरून हेडफोन ओरबाडला, वायर उपटली.

"अगं, काय झालं?" ती हसली. "प्रेमळच आहे गं."

मी तिचं मनगट धरलं आणि मोजलं. एक्क्याण्णव. एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. मला रडूच आलं. "चुकलं माझं, बाळा," मी म्हटलं. "पुन्हा कधी ओरडणार नाही."

ती काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोल."

तिचे ओठ हलले.

मी बोटं आणखी घट्ट दाबली. लय तीच होती, एक्क्याण्णव. फक्त प्रत्येक ठोका बोटांना आधीच्यापेक्षा जरा क्षीण लागत होता.