बारा मेचा पाव

"गोलू, चीजला पुन्हा हात लावलास तर पास्त्याऐवजी तुलाच पावात भरीन!"

"मी फक्त मोजून राहिलो होतो, ताई!"

"तोंडाने?"

मे महिन्याची चौदा तारीख होती, सकाळचे अकरा वाजले होते आणि पारा चव्वेचाळीसकडे निघाला होता. अशा वेळी आपखुशीने शेगडीपाशी उभे राहणाऱ्याच्या बुद्धीविषयी नागपुरात शंका घेतली जाते. परंतु तेरा वर्षांची मिनल, तिचा दहा वर्षांचा भाऊ गोलू आणि दोघांची मैत्रीण प्रीती यांनी सुट्टी लागतानाच जाहीर केले होते, की पास्ता भरलेले भाजके गार्लिक ब्रेड सँडविच ते घरीच करून दाखवतील. घरात ओव्हन नव्हता. प्रीतीला त्याची फिकीर नव्हती.

"जाड कढईत मीठ पसरायचं, वर जाळी, वर झाकण. झाली भट्टी!" ती म्हणाली. तिच्या शब्दाला वजन होते, कारण हिंगणा रोडपलीकडची बेकरी तिच्या आजोबांची, भैय्याजींची होती. पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार कंपनीच्या बसमध्ये त्यांचेच टोस्ट चावत बसत. रोज संध्याकाळी मिनलच्या निवासी संकुलाच्या फाटकाशी भैय्याजींची हातगाडी लागे. एकोणीस वर्षे ती जागा त्यांची होती.

पातेल्यात पास्ता उकळत होता, पांढरा सॉस दाट झाला होता, ठेचलेला लसूण लोण्यात मिसळला होता. मिनलने संकुलातल्या दुकानातून आणलेली पिशवी उघडली, लांबट पाव बाहेर काढला आणि मधोमध चिरला.

"ई!"

आत हिरवी बुरशी होती. पिशवीवर भैय्याजींच्या बेकरीचे नाव होते.

मिनलच्या आईने फोटो काढून संकुलाच्या ग्रुपवर टाकला, एवढेच विचारण्यासाठी, की आणखी कोणाचा पाव असा निघाला का. सचिव मधुसूदनकाकांना तेवढे पुरले. सात मिनिटांत त्यांचे फर्मान आले: "भैय्याजींच्या गाडीस फाटकावर मनाई. पाच वाजता सभागृहात शिक्कामोर्तब." पाठोपाठ चौतीस अंगठे उमटले. चौतीस सुशिक्षित माणसांपैकी एकानेही पिशवीवर काय छापले आहे, हे विचारले नाही. वाचता येणे आणि वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी पदवी मिळत नाही.

प्रीतीचे डोळे भरले. "आबाजीले कोणी विचारलंबी नाही! चार दिवसांत न विकलेला पाव ते परत आणतात, गाईले घालतात. शिळा विकतील काहून?"

"रडू नकोस," मिनल म्हणाली. "आधी पिशवी वाचू."

पिशवीवर दुकानाचा पांढरा स्टिकर होता. प्रीतीने डोळे पुसून वाचले. "पॅकिंग, बारा मे." ती थबकली. पुन्हा वाचले. "बारा मे? परवा? मिनल, परवा बुद्ध पौर्णिमा होती!"

"मग?"

"मग आमची भट्टी पेटलीच नव्हती! वर्षातून दोनच दिवस ती थंड असते, चौदा एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा. माझ्या पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून! परवा आबाजी दिवसभर फाटकावर खीर वाटत होते. त्या दिवशीचा पाव येईल कुठून?"

"मी चार वाट्या खाल्ल्या!" गोलूने साक्ष दिली.

"म्हणजे ही तारीख खोटी आहे," मिनल हळूच म्हणाली.

"ताई, पातेल्याजवळ ठेवू नको, पिशवी वितळंन ना!"

मिनलने पिशवी झटकन ओढली. पास्त्याच्या वाफेने स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. खाली दुसरा, पिवळा कागद डोकावत होता. प्रीतीने नख लावले.

"थांब!" मिनलने तिचा हात धरला. "आपण काढला तर म्हणतील, पोरांनीच काहीतरी चिकटवलं. मोठ्यांनी खोदलेला खड्डा आहे, मोठ्यांनाच उतरू दे. गोलू, तुला बावळट दिसता येईल?"

"सराव करावा लागंन," गोलू गंभीरपणे म्हणाला.

"अजिबात नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

पाच वाजता सभागृह भरले होते. कूलरसमोरच्या खुर्च्या सर्वांत आधी गेल्या होत्या. मागे भिंतीला टेकून भैय्याजी उभे होते, टोपी हातात धरून. बसा, असे त्यांना कोणी म्हटले नव्हते.

"निर्णय झालेलाच आहे," मधुसूदनकाकांनी घसा साफ केला. "केवळ लोकशाहीचा मान राखण्यासाठी जमलो आहोत."

"काका, एक विचारू?" गोलूने हात वर केला. त्याचा चेहरा खरोखरच पाहण्यासारखा होता. "हा पाव दुकानात कोणी घेतला?"

दुकानदार चंपतराव पुढच्याच खुर्चीत होते. "मीच घेतला ना गा! बारा तारखेले, सकाळी सहा वाजता."

"भैय्याजीनंच देला?"

"मंग कोण देईन? स्वतः आणून देला. पाव इतका गरम होता, का हात पोळला माझा!"

"दुसऱ्या कोणत्या दिवशी तर देला नसंन ना?"

"बारा मे म्हणजे बारा मे! छापलं हाय त्याच्यावर!"

भैय्याजींनी मान वर केली. ते बोलणार, तोच प्रीतीने दुरूनच ओठांवर बोट ठेवले.

"मधुसूदनकाका," मिनल गोड आवाजात म्हणाली, "बारा मेला तुम्ही ग्रुपवर तुमचा एक छान फोटो टाकला होता. मोठ्या टीव्हीवर दाखवू?"

"दाखव ना!" काकांनी केसांवरून हात फिरवला. स्वतःचे छायाचित्र सभेपुढे येऊ नये, असे त्यांना आयुष्यात कधी वाटले नव्हते.

टीव्हीवर मधुसूदनकाका झळकले. एका हातात खिरीची वाटी, दुसरा हात भैय्याजींच्या खांद्यावर, खाली त्यांचेच शब्द: 'सलोखा हीच आमची परंपरा.' आणि रस्त्यापलीकडे, बेकरीच्या बंद शटरवर, हातभर अक्षरांतली पाटी.

"प्रीती, पाटी वाच," मिनल म्हणाली.

"बुद्ध पौर्णिमेनिमित्त आज भट्टी बंद!" प्रीतीचा आवाज सभागृहभर खणखणला.

साऱ्या माना चंपतरावांकडे वळल्या.

"थंड भट्टीचा पाव इतका गरम कसा होता, चंपतकाका?" गोलूने विचारले. आता त्याचा चेहरा मुळीच बावळट नव्हता.

"ते... तारीख टाइप करताना चुकली असंन..."

"मग खरी तारीख शोधू!" मिनलने पिशवी सचिवांसमोर धरली. "काका, कोपरा सुटलाय. तुम्हीच ओढा."

मधुसूदनकाकांनी ओढला. खालच्या पिवळ्या कागदावर बेकरीचा जांभळा शिक्का स्पष्ट होता: एक मे.

"हे पोरांनी केलं!" चंपतराव उठले.

"दुकानात अशा अकरा पिशव्या आहेत, दुपारी मोजून आलो," मिनल म्हणाली. "आम्ही बोटही लावलेलं नाही. आणायच्या?"

त्या आणल्या गेल्या. अकराच्या अकरा स्टिकरखाली एक मे निघाला. चंपतराव खुर्चीत बसले ते जणू कोणी हवा काढून घेतल्यासारखे. सुट्टीत पोरे पिझ्झा, सँडविच खातील म्हणून त्यांनी हौसेने जास्तीचा पाव मागवला होता, तो कोपऱ्यात विसरला, आणि भैय्याजी परत न्यायला आले तेव्हा "सगळा खपला" असे ऐटीत सांगितले होते. पुढे शब्द झाकायला स्टिकर लागले.

भैय्याजी सावकाश पुढे आले. "चंपतराव, विसरलो म्हणाले असते, तर मी काय खाऊन टाकलं असतं तुमाले? आता तो बुरशीचा पाव लेकराच्या पोटात गेला असता म्हणजे?"

चंपतराव उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. त्या अकरा पिशव्या आणि शेल्फावरचे आणखी बरेच काही त्यांनी सर्वांदेखत बाहेर काढले.

"मनाईचा आदेश अर्थातच..." मधुसूदनकाका पुटपुटले.

"ग्रुपवर लिहा, काका," मिनलची आई मागून म्हणाली. "तिथेच छापला होता ना? फोटो मी टाकला, तपास करायला मीही थांबले नाही. माझीही माफी त्यातच लिहा."

काकांनी लिहिले. या वेळी त्यांना सात मिनिटांहून बराच अधिक वेळ लागला.

"बसा ना, भैय्याजी," कोणीतरी कूलरसमोरची खुर्ची सरकवली.

"बसतो काहून? पोरांचा पास्ता वाया चालला ना!" भैय्याजींनी टोपी डोक्यावर चढवली. "चला रे! कढई राहू द्या, आज माझी भट्टी तुमची!"

तासाभरात बेकरीपुढे अर्धे संकुल उभे होते. ताजे पाव चिरून मुलांनी आतला गर काढला, लसणाचे लोणी सढळ हाताने लावले, पास्ता ठासून भरला, वर चीज किसले. प्रीतीने लांब दांड्याच्या फावडीने तबक भट्टीत सरकवले. ते बाहेर आले तेव्हा चीज सोनेरी होऊन फसफसत होते आणि लसणाचा दरवळ रस्ता ओलांडून बसथांब्यापर्यंत गेला होता.

"एकोणीस वर्षांत हजार मोठी माणसं माझ्या गाडीवर आली," भैय्याजी तिघांच्या डोक्यांवरून पिठाळ हात फिरवत म्हणाले. "पण माझ्यासाठी पिशवी वाचली ती या तिघांनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधुसूदनकाकांनी सँडविच उचलले, तोंडाशी नेले आणि थांबले.

"हा पाव... कोणत्या तारखेचा?"

"आजचाच, काका!" गोलूने भरल्या तोंडाने सांगितले. "पण तुम्ही विचारलं, हे लय मोठं काम झालं!"