एक गडी कमी

वरची लव सोलून काढलेला टेनिसचा चेंडू थेट माझ्या मोबाइलवर येऊन आदळला. बाच्वित्सेच्या किनाऱ्यावर वाळूत मी मान खाली घालून बसले होते. वर पाहिलं, तर पाण्यातून एक उंच मुलगा निथळत येत होता.

“फुटला?”

“नाही. भिजला.”

“मग तोही आमच्यातलाच झाला!” तो हसला. “मी फ्राने. आमचा एक गडी कमी आहे... येतेस?”

“मी विचारायला आलेय, खेळायला नाही.” मी स्क्रीन पुसून पुढे धरली. शहरातले असे खेळ जमवून देणारं ॲप मी हिवाळाभर तयार करत होते. उथळ पाण्यातला हा चेंडूचा खेळ, पित्सिगिन, खेळणाऱ्यांना ते पटलं नाही, तर सोमवारी दूरच्या झाग्रेब शहरातल्या नोकरीला होकार कळवायचा होता.

त्यानं वाचलं आणि मागे वळून ओरडला, “ऐका रे! पित्सिगिनमध्ये जिंकलं कोण, असं विचारतेय ही!”

पाण्यातले तिघेही खो-खो हसले. माझे कान तापले. याच पाण्यात लहानाची मोठी झाले, तरी प्रत्येक खेळाला निकाल असतोच, असं धरून चालले होते.

“अगं, इथे समोर कुणी नसतंच,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांनी मिळून चेंडू पाण्याला टेकू द्यायचा नाही. बस्स.”

मी पाण्यात उतरले. त्याच्या तळव्यावरून येणारा चेंडू दर वेळी मला सापडेल असाच यायचा... बाहेर आल्यावर त्याला झाग्रेबचं सांगून टाकलं. तो नुसता चेंडू वाळूत फिरवत राहिला.

घरी जाऊन निकालाचा रकाना काढला. तिथे एकच प्रश्न ठेवला — पाचांत किती गडी कमी? — आणि ॲप त्यांना पाठवलं.

रविवारी सकाळी मोबाइल वाजला. ‘बाच्वित्से. चार आले. एक गडी कमी.’

धावत गेले. पाण्यात फ्राने एकटाच.

“बाकीचे तिघे?”

“हे काय! बोबी,” त्यानं वाळूत लोळणाऱ्या कुत्र्याकडे बोट केलं. “लुत्सा, माझी होडी. आणि तो खडकावरचा सीगल... जरा आळशी आहे.”

“फ्राने! खोटी नावं?”

“काय करू? तुझं ॲप पाचांशिवाय खेळ जमूच देत नाही. मला तर...” तो अडखळला. “आपण दोघंच हवे होतो.”

सीगल उडून गेला. आता आम्ही खरंच कमी होतो.

“ॲपमधली ही चूक दुरुस्त करायला बराच वेळ लागेल,” मी म्हणाले.

“आणि झाग्रेब?”

“झाग्रेबला समुद्र नाही,” मी म्हणाले, आणि चपला वाळूत टाकून पाण्यात शिरले.