उजवा रकाना

शाळेच्या मार्गदर्शक पुस्तकांत प्रत्येक रूपककथेखाली दोन रकाने असतात. डावीकडे गोष्टीतली वस्तू, उजवीकडे तिचा अर्थ. उजवा रकाना गेली अठरा वर्षं मी भरतेय. दिवा म्हणजे ज्ञान, वाट म्हणजे आयुष्य. मुलं ते घोकतात, मार्क मिळवतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी प्रकाशनाच्या कचेरीत माझ्याकडे आलेल्या गोष्टीवर लेखकाचं नाव नव्हतं. दोघी बहिणी, एक घड्याळ, एक मांजर. थेट आमचंच घर, म्हणून मला हसू आलं. मी लिहिलं: घड्याळ म्हणजे सरलेला काळ.

संध्याकाळी आमच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. त्या जागी फिकट गोल डाग होता.

"ताई, घड्याळ कुठं गेलं?"

"सरला गं तो काळ," ताई भांडी पुसत म्हणाली. "आता कशाला आठवतेस?"

मला वाटलं, थट्टा करतेय.

मंगळवारी लिहिलं: मांजर म्हणजे स्वातंत्र्य. घरी आले तर दुधाची बशी धुऊन पालथी घातलेली. मी पलंगाखाली पाहिलं, माळा पाहिला, जिना पालथा घातला.

"आपल्याला कुठलं आलंय स्वातंत्र्य?" ताई म्हणाली. तिच्या मनगटावर मांजराचा कालचा ओरखडा अजून लाल होता.

रकान्यात मी लिहिलेलेच शब्द ती बोलत होती.

बुधवारी तिसरी ओळ होती: थोरली बहीण. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी, माझ्या तापात उशाशी बसणारी माझी ताई. मी पेन खाली ठेवलं.

संपादक टेबलाशी आले. "त्याग लिहा आणि मोकळ्या व्हा. नेहमीचंच तर आहे."

"नाही लिहिणार."

"मग ममता लिहा."

मी लिहिलं: थोरली बहीण म्हणजे थोरली बहीण.

"हा काय अर्थ झाला?"

"नसू दे अर्थ. माणूस आहे ती. खोडलंत तर उद्यापासून येणार नाही."

"बरं, राहू द्या," ते म्हणाले. "चौकटीत चार ओळी लागतातच. चौथी मी भरतो."

जिंकल्याच्या तोऱ्यात मी तिकडे लक्षच दिलं नाही. धावत घरी गेले.

"चपला बाहेर!" ताई ओरडली. मी तशीच जाऊन तिला मिठी मारली.

गुरुवारी छापील पान आलं. माझी ओळ जशीच्या तशी होती. खाली चौथी होती.

धाकटी बहीण: एकटीला होणारा भास.

मी लाल पेनानं काट मारली. शाई उमटली नाही.

घरी ताईनं एकच ताट मांडलं होतं.

"ताई!"

तिनं वर पाहिलं नाही.

मी माझं ताट काढून दाणकन आपटलं. तिनं जरा कानोसा घेतला. मग ताट उचललं, पुसलं, कपाटात ठेवलं.

मी ते पुन्हा काढलं. आत्तापर्यंत सात वेळा काढलंय.

आज ताईनं कपाटाला कुलूप लावलं.

लावू दे. किल्ली ती कुठं ठेवते, मला माहीत आहे.